जुईच्या उघड्या पाठीवर

घोड्यावर बसायला शिकायचं असेल तर पहिल्यांदा खोगीर काढून खुंटीला टांगा. हे मी जन्मभर सांगत आलो आणि जन्मभर लोक माझ्याकडे येडा असल्यासारखे बघत आले. काहींना वाटायचं, ह्याच्याकडे खोगीरच नाही म्हणून बोलतो. होतं माझ्याकडे. चांगलं कातड्याचं होतं. त्यावर कोंबडी अंडी घालायची.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या मास्तरांनी दिवाळी अंकासाठी गळ घातली, तुमच्या धंद्याबद्दल लिहा. मी म्हटलं, मास्तर, मी चौथीतून पळालेला माणूस. ते म्हणाले, बोलता तसंच लिहा. तर तसंच लिहितोय. घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला वेळ आहे. माझी बायको कस्तुरा गेल्या पौषात गेली. तिच्याबद्दल लिहायचं नव्हतं. पण घोड्यांचं लिहायला बसलो आणि तिला बाजूला ठेवायला गेलो, तर मागे नुसती लीद उरायला लागली. म्हणून आता ती येईल तशी येऊ द्या.

मी चाबुकस्वार. नाव झोकात आहे, पण चाबूक मी फार कमी धरला. कोणाची घोडी बिघडली, कोणाचं शिंगरू माणसाला सवय करायचं, कोणाला स्वतःला बसायला शिकायचं, तो माझ्याकडे यायचा. सुरतेत घोडी म्हणजे मुख्यतः लग्नाची. नवरदेव घोडीवर बसून निघतो, त्या मिरवणुकीला इथे वरघोडा म्हणतात. बँड, फटाके, ट्यूबलाइटी, नाचणारी पोरं, आणि ह्या सगळ्याच्या मध्ये ती घोडी. पाठीवर असा माणूस, जो आयुष्यात पहिल्यांदा घोडीवर बसलाय आणि मनातून देवाला सांगतोय की शेवटचंच असू दे.

खानदेशातून सगळे सुरतेला आले ते लूम चालवायला. मीही आलो. लिंबायतला मेव्हण्याच्या खोलीत उतरलो, खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यात, लागलो. त्या खडखडाटात मला वाटायला लागलं की आता मला घोडीचा श्वास कधी ऐकू येणार नाही. सोडून दिलं. मेव्हणा म्हणाला, "लूम सोडून लीद उचलणारा पहिला माणूस बघितला." बमरोलीकडे मिलांच्या मागे मोकळं मैदान होतं, तिथे पत्र्याची शेड टाकली आणि धंदा सुरू केला.

ही विद्या माझी नाही, माझ्या सासऱ्याची. तापीच्या काठी, सारंगखेड्याच्या बाजूला तो घोडे पाळायचा. कस्तुरा त्याची धाकटी. फ्रॉक घालायची तेव्हापासून घोडीच्या उघड्या पाठीवर बसून नदीवर पाणी पाजायला न्यायची. लग्न झालं आणि ते थांबलं. सुनेनं घोड्यावर टांग टाकायची नसते, असं माझी आई म्हणाली. मी तेव्हा ओसरीवरच बसलो होतो. सुरतेला आल्यावर तापी बघून कस्तुरा म्हणाली, "पानी तेच शे." पाणी तेच आहे, तेवढंच.

आता धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

खोगीर माणसाला धरून ठेवतं. रिकिबीत पाय अडकवले, पुढच्या कमानीला हात लावला, की माणसाला वाटतं आपण बसलोय. तो बसलेला नसतो, ठेवलेला असतो. तोल गेला की तो लगामाला लटकतो. लगामाच्या दुसऱ्या टोकाला घोडीचं तोंड असतं. तुमच्या दातांमागे कोणी लोखंड घालून वर आठवडाभर लटकलं तर तुमचं काय होईल? तोंड कठीण होतं. मग ती लगाम ऐकत नाही, मग माणूस जास्त ओढतो, मग ती आणखी ऐकत नाही.

उघड्या पाठीवर हे ढोंग चालत नाही. धरायला फक्त आयाळ. मांड्या आवळल्या तर ओल्या साबणासारखे तुम्ही वर उडता. म्हणून पाय सैल सोडायचे, लोंबू द्यायचे. पुढे खांद्यामागे जिथे पाठ खोलगट असते तिथे बसायचं, मागे कमरेवर नाही. खाली बघायचं नाही. खाली बघितलं की खालीच जाता. सुरुवातीला नुसतं चालायचं, दोरीवर, गोल गोल. चार दिवसांत बूड सोलवटतं, पँटीला केस चिकटतात, घरात बायको जवळ येऊ देत नाही. मग हळूहळू कळायला लागतं. घोडी बुजण्याआधी तिची पाठ टणक होते. वळण्याआधी एक बाजू खाली जाते. आणि तिलाही तुम्ही कळता. तुम्ही डावीकडे नुसतं बघितलं तरी कंबर थोडी वळते, तेवढं तिला पुरतं. श्वास सोडून जड बसलात तर ती थांबते. आम्ही ह्याला मांड म्हणतो. मांड म्हणजे नुसत्या मांड्या नव्हेत. दोघांचा तोल एक झाला की मांड बसली.

एक तोटाही सांगून ठेवतो, नाहीतर कोणी वाचून भलतंच करायचा. उघड्या पाठीवर तासन्तास बसायचं नाही. माणसाच्या बुडाला दोन हाडं असतात, ती तिच्या पाठीत रुततात. शिकण्यापुरतं बसायचं, उतरायचं, तिची पाठ चोळायची. आणि हडकुळ्या घोडीवर तर बसायचंच नाही.

गिऱ्हाईकं काय काय यायची. हिरेबाजारातले एक शेठ यायचे पोट कमी करायला. घोडी चालायला लागली की ते दोन्ही हातांनी आयाळ धरून जोरजोरात नामस्मरण करायचे. घोडी थांबली की नामस्मरण थांबायचं. शेवटी घोडी इतकी हुशार झाली की नाम ऐकलं की चालायला लागायची. एक हवालदार होता, तो लगाम असा ओढायचा जणू घोडीनं सिग्नल तोडलाय. मी लगामच काढून घेतला. म्हणाला, "मग हिला थांबवू कशानं?" मी म्हटलं, "बुडानं." तो रागावून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला.

आता जुईचं.

प्लेगाच्या साली अर्धी सुरत गाठोडी बांधून पळाली. लिंबायतच्या गल्ल्या ओस पडल्या होत्या. आम्ही गेलो नाही. घोड्यांना कोण चारणार? कस्तुरा तोंडाला पदर बांधून रोज बमरोलीला माझ्याबरोबर यायची. पुढे माणसं परतली, थांबलेली लग्नं एकदम निघाली, तेव्हा कतारगामचे कांतिशेठ टेम्पोत एक पांढरी घोडी घालून आले. वरघोड्याच्या घोड्या भाड्यानं देणं हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. ही जुई. दिसायला अशी की नवरीनं जळावं. पण गर्दीत फटाका वाजला की मागच्या पायांवर उभी राहायची. त्याच आठवड्यात तिनं एका नवरदेवाला बँडवाल्याच्या मोठ्या ढोलावर टाकलं होतं.

"ढोल फाटला, नवरदेव वाचला," शेठ म्हणाले. "उलटं झालं असतं तरी चाललं असतं, ढोलवाला ओळखीचा आहे."

मग ते गंभीर झाले. "भाऊ, सुधरी जाय तो मारी. नहीं सुधरे तो तारी. पछी मने बतावतो नहीं."

म्हणजे सुधारली तर ते घेऊन जातील आणि माझी मजुरी देतील. नाही सुधारली तर मीच ठेवायची, तोंडसुद्धा दाखवायचं नाही. नाव बद्दू झालेल्या घोडीला गिऱ्हाईक नव्हतं आणि कसायाला द्यायला शेठचं मन धजत नव्हतं. कस्तुरा मागे घोड्यांच्या चंदीचे हरभरे भिजत घालत होती. तिनं हे ऐकलं. तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता, जुई राहणार की जाणार. आमची पोरगी नुकतीच नवापूरला दिली होती, घर मोकळं झालं होतं, हेही लक्षात घ्या.

मी पहिलं तिच्या तोंडातलं लोखंड काढलं. आत दोन्ही बाजूंना घट्टे पडलेले. मोरकी घातली, नुसती दोरीची. काही दिवस बाजूनं चालवली, मग पाठीवर बसलो. पाठ फळीसारखी टणक. मी काही करायचो नाही, बसून राहायचो. पण ती काही सैल पडेना. मान वर, कान मागे.

एका सकाळी कस्तुरा हौदाच्या काठावर बसून बघत होती. म्हणाली, "तुम्ही भिताय."

"मी? मी भितोय?"

"तोंड भीत नाही तुमचं. मांड्या भितात. उतरा."

मी उतरलो. तिनं पदर कमरेला खोचला, काष्टा सारखा केला, हौदाच्या काठावर चढली आणि जुईच्या पाठीवर अशी जाऊन बसली जशी कोणी आपल्या ओट्यावर बसावं. मी दोरी घट्ट धरली. ती म्हणाली, "सोडा ती. फास लागल्यासारखी काय धरता?"

जुईनं एक लांब श्वास सोडला. मान खाली केली. ओठ चाटले. घोडीनं ओठ चाटले म्हणजे तिचं मन सैल झालं. त्या दोघी मैदानाला चक्कर मारून आल्या, चालत, मिलच्या भिंतीच्या कडेनं. पन्नाशीला टेकलेली बाई, डोक्याला तेल चोपडलेलं, पायात जोडवी, आणि कंबर अशी हलत होती की घोडी कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते कळत नव्हतं. इतकी वर्षं मी हे घरात ठेवून दिलं होतं. खोगीर निदान खुंटीला तरी दिसतं.

त्या दिवसापासून सकाळी ती बसायची, दुपारी मी. जुई महिन्यागणिक बदलली. आम्ही शेडच्या पत्र्यावर काठ्या आपटल्या, डबे वाजवले, मग लवंगी फटाके लावले. पाठीवरचा माणूस सैल राहिला तर ती पण शांत राहायची. तिला फटाक्याची भीती नव्हतीच. फटाका वाजला की वरचा माणूस दचकून लगाम ओढतो, तोंड दुखतं, त्याची भीती होती.

ह्याच दिवसांत भिकन आला. लिंबायतचाच, आमच्या खानदेशातला. खात्यावर बसून धाग्याच्या कांड्या भरायचा. उजवा पाय लहानपणीच्या पोलिओनं सुकलेला. लग्न ठरलं होतं. मोठ्या भावांचे वरघोडे झोकात निघाले होते, ह्याच्यासाठी मात्र घरच्यांनी अँबेसिडर ठरवली होती.

"आप्पा," तो मला म्हणाला, "भाऊ सगळे घोडीवर आणि मी काय पेशंट आहे? मला घोडीवरच जायचंय."

त्याची आई बरोबर आली होती. ती म्हणाली, "पडला तर पोरीकडचे म्हणतील, लंगडा तो लंगडा, वर लुळा करून दिला."

मी त्याचा पाय बघितला. म्हटलं, "पाय सुकलाय. बूड सुकलं नाही ना?"

कस्तुरा आतून ओरडली, "ओ, जिभेला काही हाड!" पण भिकन हसला. हसला म्हणजे शिकणार, हे मला कळलं.

खोगिरावर त्याला बसवून बघितलं. एक पाय रिकिबीत भक्कम, दुसरा रिकामा लोंबतोय. सगळा भार डावीकडे, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा. मग उघड्या पाठीवर बसवला. तिथे पायाला कामच नसतं. बुडाची दोन हाडं त्याची आणि माझी सारखीच. पहिल्या दिवशी तो एकदा डावीकडे घसरला, एकदा उजवीकडे. कस्तुरा ओरडायची, "छाती वर! खाली काय बघतो, खाली तुझी बायको हाये का?" तो आयाळीत बोटं घालून परत चढायचा. हळूहळू बसायला लागला. खरं सांगतो, दोन चांगल्या पायांच्या कितीतरी माणसांपेक्षा तो चांगला बसायला लागला, कारण त्याला सवय होती. चालताना प्रत्येक पावलाला त्यानं तोल शोधलेला होता.

आणि जुई त्याला शिकली. त्याचं वजन डावीकडे कललं की ती डावीकडे एक पाऊल टाकून त्याच्याखाली यायची. हे मी शिकवलेलं नाही. उघड्या पाठीवर कललेलं ओझं घोडीला टोचतं, ते मध्ये आणायला ती सरकते. पण सगळ्या घोड्या सरकत नाहीत. काही झटकून टाकतात. जुई सरकायची.

लग्न जवळ आलं. कांतिशेठचा निरोप आला की वरघोड्याला मी स्वतः येतो, घोडी बघतो. त्या संध्याकाळी कस्तुरा भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एखादी खोड राहू द्या ना तिची."

"कसली खोड?"

"कसलीबी. मोठी नको. शेठना सांगा, घोडी अजून भरवशाची नाही. ते काय पाठीवर बसून बघणार हायेत?"

"खोटं सांगू?"

"ते म्हणले होते ना, नाही सुधारली तर तुमची. मग नाही सुधारली. कोणाचं वाईट होतंय? कोणी पडणार हाये का? घोडी आपल्याकडंच राहील."

 कोणाचं वाईट होत नव्हतं, हे खरं होतं. मी म्हटलं, "आणि भिकन? त्याला दुसऱ्या घोडीवर बसवू?"

ती भाकरी उलटायची थांबली. "नाही. त्याला हिच्यावरच बसवा." मग हाताचं पीठ झटकत, "त्याला हिच्यावर बसवा आणि शेठला तिकडं येऊ देऊ नका."

"ते कसं जमायचं?"

"मला काय ठाऊक? तुम्ही चाबुकस्वार, मी चंदीवाली."

भाकरी करपली. तिची भाकरी कधी करपत नसे.

वरघोडा लिंबायतच्या गल्लीतून निघाला. मी भावांना सांगत होतो, साजसामान हलकं ठेवा, पातळ गादी पुरे. ते ऐकेनात. सजावटवाल्यानं आधी साटीनची झूल टाकली, मग तिच्यावर जरीचं खोगीर आणि त्यावरून तंग आवळला. तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा. गुळगुळीत साटीनवर तंग धरत नाही, हे घोड्याजवळचं पोरसुद्धा सांगेल. मी म्हटलं, झूल वरून टाका. तो म्हणाला, वरून टाकली तर जर झाकते, आप्पा, फोटोत काय दिसणार? तेवढ्यात बँड सुरू झाला.

मी दोरी धरून पुढे चालत होतो. कस्तुरा बायकांत मागे. पानाच्या गादीजवळ स्कूटरला टेकून कांतिशेठ उभे. चौकात पोरांनी फटाक्यांची माळ लावली, अगदी पायाशी. जुई थरथरली पण जागची हलली नाही. भिकन मात्र एका बाजूच्या रिकिबीत जड झाला आणि खोगीर साटीनवरून सर्रकन डावीकडे फिरलं. बायका किंचाळल्या. त्याच्या आईचा आवाज मला अजून ऐकू येतो.

भिकननं लगामाला हात लावला नाही. आयाळीत बोटं घातली, मान वर ठेवली. आणि जुई फटाक्यांच्या धुरात, त्या सगळ्या गोंगाटात, डावीकडे एक पाऊल सरकली. मग आणखी एक. त्याच्याखाली आली. तो आणि फिरलेलं खोगीर मध्ये लोंबकळत राहिले, पण तो पडला नाही. माझ्या हातातली दोरी सैल होती. तिनं एकदासुद्धा ओढली नाही.

त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. पोरगा वाचला. आणि घोडी गेली. कांतिशेठ स्कूटर सोडून रस्त्याच्या मध्ये आले होते, तोंडातलं पान चघळायचे थांबले होते.

भावांनी भिकनला धरला. कोणी म्हणालं गाडी आणा. भिकन फेटा सावरत म्हणाला, "आप्पा, खोगीर काढा. असाच जातो."

त्याची आई म्हणाली, "बिनखोगिराचा नवरदेव? गाढवावर काढलाय म्हणतील!"

सगळे नुसते बघत उभे. तेव्हा बायकांतून कस्तुरा पुढे आली. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या. तिनं वाकून स्वतः तंगाची कडी सोडली, खोगीर ओढून रस्त्यावर टाकलं, झूल टाकली आणि भिकनच्या आईला म्हणाली, "ताई, शिवाजीराजाचे मावळे काय सोफ्यावर बसून जायचे? जाऊ दे पोराला." लोक हसले. बँडवाल्यानं ढोल वाजवला. भिकन उघड्या पाठीवर बसून मांडवापर्यंत गेला, असा ताठ, की त्याच्या मोठ्या भावांनी मनात आपापले वरघोडे पुन्हा काढले असतील.

कस्तुरा जुईच्या खांद्याजवळून चालत होती, आयाळीवर हात ठेवून. जी घोडी ठेवून घ्यायची होती तिचा तंग तिनंच सोडला. ती खोगीर काढायला पुढे आली नसती तर वरघोडा तिथेच संपला असता, गाडी आली असती, आणि शेठला सांगायला एक खोड मिळाली असती. हे तिला कळत होतं. माझ्यापेक्षा लवकर कळत होतं.

मांडवाच्या दारात कांतिशेठ मला म्हणाले, "भाऊ, आ तो सोनुं छे." मग हळूच, "काही खोड राहिली का? खरं सांग."

कस्तुरा तिथेच उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, जुईच्या मानेवरचे गुलालाचे ठिपके पुसत होती.

मी म्हटलं, "नाही. एकही नाही."

मी चुकलो असं मी अजूनही म्हणत नाही. माझ्या हातून गेलेल्या घोडीबद्दल मी कधी खोटं बोललो नाही, आणि गल्लीभर लोकांनी ती बघितली होती, खोटं बोललो असतो तर शेठनं दात काढले असते. पण बरोबर वागल्याचं सुख होतं म्हणतात, ते मला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. कस्तुरानं चंदी दिली, खरारा केला आणि टेम्पो वळायच्या आत घरी निघून गेली. चालत. बमरोलीपासून लिंबायतपर्यंत.

पुढे काही महिन्यांनी मी कामासाठी कतारगामला गेलो. कांतिशेठनं जुई नाचणारी घोडी म्हणून तयार करायला एका माणसाच्या हवाली केली होती. लोकांना खाटेवर पाय ठेवून नाचणारी घोडी आवडते. त्याच्या हातात काटेरी लगाम होता. घोडी इतकं बारीक ऐकते म्हटल्यावर तिला नाचवणं सोपं, असं त्यानं मला कौतुकानं सांगितलं. ती खाटेवर पुढचे पाय आपटत होती आणि तोंडाचा फेस लालसर होता. मला बघून तिचे कान पुढे आले. मी पुढे गेलो नाही. शेठना बोललो. ते म्हणाले, "भाऊ, धंधो छे." नंतर ती कुठे सौराष्ट्राकडे विकली गेली.

घरी आल्यावर कस्तुरानं विचारलं, "दिसली?"

"दिसली. मजेत आहे."

"तोंड कसं हाये तिचं?"

"मऊ," मी म्हटलं.

शेठशी एक शब्द खोटा बोलला नाही तो माणूस बायकोशी बोलला.  त्यानंतर ती बमरोलीला आली नाही. चंदी घरीच भिजवून द्यायची. कोणत्या घोडीला किती, ते न सांगता बरोबर असायचं. पाठीवर मात्र पुन्हा कधी बसली नाही. मी कितीदा म्हटलं, अगं, नवी लाल घोडी आलीय, शांत आहे, बसून बघ. ती म्हणायची, "गुडघे दुखतात." तेव्हा तिचे गुडघे दुखत नव्हते.

भिकन अजून येतो. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन. नातवंडं झालीत. आता घोडीवर बसत नाही पण खुर्चीत बसला तरी छाती वर.

वर्षं गेली. मैदानात मिलची गोदामं उठली, शेड गेली, नवरदेव उघड्या मोटारीत उभे राहून नाचायला लागले. मग कस्तुराला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बसवलं की डावीकडे कलंडायची. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, रोज थोडा वेळ आधाराशिवाय बसवा, तोल परत येईल. पोरगी नवापूरहून आली होती, ती उशा लावायची. मी उशा काढल्या. खोगीर काढल्यासारख्या. पोरगी ओरडली. मी म्हटलं, तू चहा कर.

मी खाटेवर तिच्या मागे बसलो, पाय दोन्हीकडे सोडून. म्हटलं, "छाती वर. खाली बघू नको. खाली काही नाही."

तिनं बराच वेळ प्रयत्न केला. मग थकल्या जिभेनं, तिची जीभ जड झाली होती, विचारलं, "तोंड मऊ होतं का खरंच तिचं?"

इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, "नव्हतं."

"माले ठाऊक होतं," ती म्हणाली. 

आणि डावीकडे कलली. रागानं की आजारानं, कोण जाणे. मी धरलं नाही. का ते सांगता येणार नाही, पण हात उचलायच्या आधीच माझं अंग डावीकडे सरकलं, तिच्याखाली. तिचं वजन पुन्हा माझ्या मध्यावर आलं.  मग तिचा खांदा हलायला लागला. मला वाटलं रडतेय. हसत होती, अर्ध्या तोंडानं.

"घोडी दी टाकी," ती म्हणाली, "अन् आते सोताच घोडी व्हयनात."

मी म्हटलं, "झालो घोडी. चंदी कोण देणार मग?"

तिनं एक लांब श्वास सोडला आणि मान माझ्या खांद्यावर सैल टाकली. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला. आम्ही दोघंही हललो नाही.